तोंडचा भाव

मुतखड्यासारखा बेअदब आजार दुसरा नसेल. माणसाचं वय, हुद्दा, वेळ, कशाचीच तो पर्वा करत नाही. मला पहिली कळ आली तेव्हा मी सांगलीच्या एका हायस्कुलात नववीच्या वर्गाला वर्तुळ शिकवत होतो. फळ्यावर काढलेल्या वर्तुळाला हात टेकून मी तसाच घसरत खाली बसलो. पोरांना वाटलं, सर मध्यबिंदू शोधताहेत. एकानं तर वहीत तसं काढूनही घेतलं.

डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि म्हणाले, "पाणी भरपूर प्या. आणि चालत असेल तर बिअर." हे सत्तरच्या दशकातलं सांगतोय. तेव्हा बिअर प्यायला सरकारी परवाना लागायचा आणि तो तब्येतीच्या कारणावरून मिळायचा. त्यामुळं सांगलीतल्या बऱ्याच धडधाकट माणसांची तब्येत कागदोपत्री बिघडलेली होती. माझी खरोखरच बिघडली होती, पण परवाना देणाऱ्या साहेबानं माझ्याकडंही तसंच हसून बघितलं. मला त्याचा राग आला होता, अजून आहे.

परवाना मिळाला, पण दुकानात जाणार कोण? मी शाळामास्तर. दुकानाच्या पायरीवर एखाद्या विद्यार्थ्याचा बाप भेटला असता तर मी काय सांगणार होतो? तो काय सांगणार होता हा प्रश्न वेगळा. शेवटी आमच्या हिनं दोन्ही घरी निरोप धाडला की औषध आणायचंय, आणि दोन्हीकडून माणूस उभा राहिला. एक माझे वडील, दुसरे तिचे.

माझे वडील, आबा, आष्ट्याजवळचे ऊसवाले. आठवड्याला गूळ घेऊन सांगलीच्या बाजारात यायचे, तेव्हा येता येता बाटली आणायची त्यांच्याकडं आली. सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. मामांचं गाव औंधच्या बाजूला, कोरडवाहू. लष्करातनं हवालदार होऊन परतलेले. पेन्शन आणायला साताऱ्याला जात, तिथनं ते बाटली घेत आणि एसटीनं आमच्याकडं आणत. ओल्या पंच्यात गुंडाळलेली, ज्वारीच्या पिशवीत उभी रोवलेली बाटली बघून कंडक्टर विचारायचा तेव्हा मामा सांगत, "औषध हाय." कंडक्टर म्हणायचा, "आमालाबी तोच आजार हाय."

आता आमच्या भागातली एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बाजारातनं काही घेऊन येणाऱ्याला वाटेत भेटणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "केवढ्याला?" वस्तू कशी आहे, कशाला घेतली, कोणी विचारत नाही. आणि उत्तर देणारा नेहमी दिल्यापेक्षा कमी सांगतो. बारा रुपयाला आणलेली चप्पल वेशीत दहाची होते, पारापाशी नवाची आणि घरात शिरताना आठाची. जास्त सांगितलं तर माणूस खुळा ठरतो. बरं, ऐकणाराही भाव उतरवलाय हे जाणून असतो आणि तरी म्हणतो, "म्हाग पडली. आमच्या भावानं सातला आणली." याला कोणी खोटं बोलणं म्हणत नाही.

मामांचं मात्र जरा निराळं होतं. ते पंचक्रोशीतले नावाजलेले बैलपारखी. बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही. हातावर रुमाल टाकायचा, खाली एकमेकांची बोटं दाबायची, ज्याला त्याला आकडा कळतो. तोंडानं दलाल काहीही ओरडत असू दे, तो भाव कोणी धरत नाही. खरा भाव रुमालाखालचा, आणि रुमालाखाली काय झालं हे तिसऱ्यानं विचारायचं नसतं. मामांनी बोटं दाबली की विकणारा आणि घेणारा दोघंही 'हं' म्हणत. भावाच्या बाबतीत हवालदार खोटं बोलणार नाही, अशी त्यांची ख्याती होती. त्या ख्यातीवरच त्यांचं गावातलं सगळं वजन उभं होतं. बैलाच्या बाबतीत ते खरोखर कधी खोटं बोललेही नाहीत. पण बिअर म्हणजे काही बैल नव्हे.

पहिल्याच रविवारी दोघं व्याही एकाच वेळी आमच्याकडं टेकले. आबांनी बाटली टेबलावर ठेवली. मामांनी ती उचलली, उजेडात धरली, उलटी केली, बुडाला बोट लावून बघितलं. बैलाचे दात बघावेत तसा प्रकार.

"केवढ्याला पडली, पाहुणं?"

"सात म्हणत हुता. साडेसाला काढली," आबा म्हणाले.

"अरारारा!" मामांनी बाटली अशी खाली ठेवली की जणू ती आजारी आहे. "गंडवलं की वं तुमाला. आमच्या साताऱ्यात सा रुपयाला मिळती, हीच बाटली."

आबांनी चहा अर्धाच प्यायला. गूळवाला माणूस, उभा जन्म आडतीवर भाव करण्यात गेलेला, आणि सुनेच्या बापानं सुनेसमोर गंडलेला म्हटलं. पुढच्या खेपेला ते दारातनंच म्हणाले, "पावणेसा." मामांची बाटली अजून पिशवीतच होती. ती काढता काढता ते म्हणाले, "साडेपाच. पंचा भिजवून दिला वर." त्याच्या पुढच्या वेळी आबा पाचावर आले. मामा साडेचारावर गेले. असं करत करत मामांनी एक दिवस टेबलावर बाटली ठेवून शांतपणे सांगितलं, "चार." त्याच्या खाली जायचं धाडस आबांना झालं नाही.

आमची ही स्वयंपाकघरातनं मला म्हणाली, "आणखी दोन म्हैने असंच चाललं तर दुकानदार वर पैसे दिऊन बाटली देईल."

बिअरची चव विचाराल तर मेथीच्या पाण्यात साबण कालवल्यासारखी. त्यात ती एसटीतनं आलेली, गरम. मी नाक धरून प्यायचो आणि दोघं व्याही माझ्या तोंडाकडं बघत बसायचे, कुणाच्या बाटलीला मी कमी तोंड वाकडं करतो ते. हिचा कशावरच विश्वास नव्हता. ती रोज हुलग्याचं कळण करून वाटीभर समोर ठेवायची, कारण तिच्या माहेरी मुतखड्याला हुलगेच देतात. एके दिवशी सकाळी खडा पडला. आबा म्हणाले आमच्या बाटलीनं, मामा म्हणाले साताऱ्याच्या. हिनं नुसती कळणाची वाटी धुऊन उपडी घातली.

खडा पडला तशी माझी हिंमत वाढली. एकच बाटली, एकच शिक्का, आणि भाव गावागणिक वेगळा कसा, हे मला गणिताचा मास्तर म्हणून छळायला लागलं होतं. भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर गुंडाळून मी सांगलीच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "या मास्तर." मफलर काढून ठेवला. भाव? सात. साताऱ्याला कमी का? तो म्हणाला, "कोण म्हनतंय? बाटली काय चालत येती व्हय? हितं जकात, तितं जकात." सासुरवाडीला जाताना साताऱ्याला एसटी स्टँडजवळच्या दुकानात विचारलं. तिथं सव्वासात. सांगलीपेक्षा जास्त का? तर म्हणे त्यांना मिरजेची रेल्वे जवळ, आम्हाला मधे घाट. घाटात फुटतात त्या बाटल्यांचे पैसे न फुटलेल्या बाटल्यांनी द्यायचे. आष्ट्याला आठ आणे आणखी जास्त, ते बर्फाचे. बर्फ सांगलीहून येई आणि वाटेत निम्मा विरघळे. "मग इरघळलेल्याचं पैसं कुनी द्यायचं?" दुकानदारानं मलाच विचारलं. मी म्हटलं, पण बाटली तर गरमच आहे. तो म्हणाला, "तेच तर. बर्फ इरघळला न्हवं का."

स्टँडजवळच्या दुकानदारानं तर शेवटी खरं काय ते सांगून टाकलं. ज्याची गाडी सुटायला आलीय आणि ज्याला तहान लागलीय, तो भाव करत बसत नाही. जकात, घाट, बर्फ, सुटणारी गाडी, सगळ्याची मी मनाशी बेरीज वजाबाकी करून बघितली. भाव सातच्या आसपास हिंडत होता, पण चार काही कुठंच येईना. चार रुपये हा भाव फक्त आमच्या सांगलीच्या घरात, दोन व्याह्यांच्या मधे, टेबलावर होता.

मी हे हिला मोठा शोध लावल्यासारखं सांगितलं. ती म्हणाली, "मला पैल्याच दिवशी कळलंवतं. भाव ऐकायचा अस्तो हो, मोजायचा नस्तो."

इथंच हे थांबलं असतं तर बरं होतं. पण लष्करातला माझा चुलतभाऊ स्वतःच्या लग्नासाठी सुट्टीवर आला. वैशाखातलं लग्न, पलटणीतले मित्र येणार, त्यांना कँटीनची रम काही नवी नव्हती, ऊन मरणाचं, तेव्हा बिअर पाहिजे असं ठरलं. साखरपुड्याला मामा आलेले होते. भरल्या मांडवात आबा म्हणाले, "आवं, आमच्या पाहुण्यांना साताऱ्यात चार रुपयाला मिळती. त्यास्नीच आणू द्या की." आणि दोन खोक्यांचे चार रुपयांच्या हिशेबानं पैसे मामांच्या हातात ठेवले. आबांनी हे मुद्दाम केलं की भोळेपणानं, मला आजही सांगता येणार नाही. मामांनी पैसे घेतले, उपरण्यात बांधले आणि म्हणाले, "त्यात काय. आणतो की."

खोकी आली. वरचे पैसे कुठनं आले हे कुणी विचारलं नाही. उलट आमची भावकी जागी झाली. त्या साली भावकीत लग्नांचा हंगाम लागला होता. ज्याच्या त्याच्या घरनं मामांना निरोप, "चारवाली आणा." कुंडलचा एक पेन्शनर सुभेदार, आमच्या भावकीचा जावई, त्यानं तर मनीऑर्डर केली. सुभेदारानं हवालदाराला मनीऑर्डर केल्यावर हवालदार नाही कसं म्हणणार? मामा आणत राहिले. दर खेपेला अंगावर सव्वातीन रुपये बाटलीमागं. साताऱ्याच्या दुकानदाराला वाटायचं, हवालदाराचा काही मोठा उद्योग आहे.

दिवाळीत ही माहेरी जाऊन आली ती तोंड फुगवूनच. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "माझ्या बापाचा बैल तुमच्या भावकीनं पिऊन टाकला."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. मामांच्या जोडीतला एक बैल गेल्या साली गेला होता. दुसऱ्याला जोडीदार आणायचा म्हणून ते पेन्शनमधनं मागं टाकत होते. ते सगळं साताऱ्याच्या दुकानात गेलं होतं. औंधच्या अख्ख्या पट्ट्याला बैल निवडून देणारा माणूस शेजाऱ्याचा बैल मागून आणून पेरणी करत होता. कारण विचारलं तर म्हणे, "मनासारखा घावना." ही रडली. मला आबांचा असा राग आला की मी तसाच सायकलवर टांग टाकून आष्ट्याची वाट धरली.

आबांना सगळं सांगितलं. त्यांनी तपकिरीची चिमूट नाकात कोंबली. मग म्हणाले, "मग त्यांनी म्हनावं की, भाव खोटा हुता."

"आणि तुमचा साडेसहा? मी दुकानात विचारून आलोय, आबा. सात आहे."

"मी साडेसालाच आणली," आबा म्हणाले. माझ्या डोळ्यांत बघून. अशा माणसापुढं डोकं फोडून काय उपयोग? मी परत फिरलो आणि वाटेत राग जाऊन मला हसू यायला लागलं, त्याचाही मला राग आला.

पौषात औंधला यमाईची यात्रा भरते, तिथं जनावरांचा बाजार असतो. आबांना खोंड घ्यायचा होता. पारखायला मामा. बरोबर माझा चुलता, ज्याच्या पोराच्या लग्नात पहिली खोकी फुटली होती, तो. मी रजा काढून गेलो, कारण हिनं सांगितलं होतं, "दोघांच्यात काय झालं तर मधी पडा. आन पडला न्हाई तर घरी येऊ नका."

मामा बाजारात शिरले की दलाल बाजूला सरून वाट देत. त्यांनी तीन-चार बैल बघून सोडून दिले आणि एका पांढऱ्याशुभ्र खिलार खोंडापाशी थांबले. दात बघितले, खूर बघितले, चालवून घेतला. मग पाठीवरनं हात फिरवला, तो लागतो त्यापेक्षा जरा जास्तच वेळ. हा रंग, ही उंची त्यांच्या गोठ्यातल्या एकट्या बैलाशी बरोबर जुळणारी होती. मी ते ओळखलं. आबाही त्या हाताकडं बघत होते. मामा एवढंच म्हणाले, "ह्यो घ्या, पाहुणं. डोळं झाकून."

तेवढ्यात चुलत्याला आठवलं. चुलत्याचा आवाज म्हणजे गुऱ्हाळावरनं उसाच्या फडात पोचणारा. तो ओरडला, "आवं हवालदार, बैलाचं ऱ्हाऊ द्या, ते चार रुपयेवाल्या बिअरीचं दुकान दावा की यकदा! परत्येक खेपंला तुमाला कशाला तरास? आमी आमचं जाऊन आणतो. हितनं सातारा किती लांब हाय?"

दलाल हसले. मग हसायचे थांबले, कारण मामा हसत नव्हते. एकाला भाव माहीत होता, तो म्हणाला, "चार? कुठं चार?" माणसं गोळा झाली. भाव खरा आहे म्हणावं तर दुकान दाखवावं लागणार होतं. खोटा होता म्हणावं तर भर बाजारात, दलालांसमोर, ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना खरा भाव सांगितला त्या माणसानं 'मी खोटा भाव बोललो' म्हणायचं. त्यानंतर त्यांच्या हातावर कोण रुमाल टाकणार होतं? मधे पडायचं म्हणून मी पुढं सरकलो.

मामांनी खांद्यावरचा पंचा काढला. तोच, बाटली गुंडाळायचा. उजवा हात आबांपुढं केला आणि त्यावर पंचा टाकला.

आबांनी एकदा मामांकडं बघितलं आणि हात आत घातला. पंचा हलला. आबांच्या भुवया वर गेल्या. पुन्हा हलला, बराच वेळ. मग आबांचं मनगट हललं. म्हणजे आता तेही काही सांगत होते. मामांच्या मिशा थरथरल्या आणि एकदम दोघंही असे हसले की पंचा खाली पडला.

"किती रं दादा?" चुलता म्हणाला. "किती भाव सांगितला?"

आबा त्याच्यावर खेकसले, "रुमालाखालचं इच्यारतोस? लाज न्हाई वाटत? तोंडचा भाव बाजारात कवा कोण धरतंय व्हय? पाहुण्यांनी हात दाबला, मला खरा भाव कळला. इषय सपला."

"व्हय की," एक म्हातारा दलाल म्हणाला. "रुमालाखालचं इच्यारू नये." रीत म्हणजे रीत. चुलता कान खाजवत बाजूला झाला आणि माणसं पांगली. मला आबांचा इतका अभिमान आयुष्यात दुसऱ्यांदा वाटला नाही.

खोंडाचा सौदा मामांनीच केला. आबांनी पैसे मोजून दिले, कासरा हातात घेतला आणि तसाच मामांच्या हातात दिला.

"ह्यो काय परकार?" मामा म्हणाले.

"आमच्या गोठ्यात जागा न्हाई. तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

आबांच्या गोठ्यात लग्नाची पंगत बसली असती. मामा कासऱ्याकडं बघत राहिले. "कवापतूर?"

"साताऱ्यात बिअर चार रुपयाला मिळंस्तवर," आबा म्हणाले आणि चुलत्याला घेऊन एसटीकडं चालू लागले. मागं वळून बघितलं नाही. मामा हातातल्या पंच्यानं तोंड पुसत उभे राहिले. धुळीचा बाजार, पण पुसणं काही धुळीचं नव्हतं.

मी मामांबरोबर त्यांच्या गावापर्यंत चालत गेलो. वेशीतच पहिला माणूस भेटला. "खोंड झ्याक हाय. केवढ्याला?"

मामा म्हणाले, "फुकट. व्याह्यांनी दिला."

तो हसून निघून गेला. देवळापाशी दोघं भेटले. त्यांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, "सांगायचं नसंल तर नगा सांगू, हवालदार." मामांचा चेहरा उतरायला लागला. मला म्हणाले, "जावई, तुमी सांगा की." मी सांगितलं. जावयाचं कोण ऐकतंय? पारावर म्हातारी मंडळी बसलेली होती. त्यातला एक काठी टेकून उठला, खोंडाभोवती फिरला आणि म्हणाला, "भाव उतरवावा मानसानं. पर यवडा?"

"आवं, देवाशप्पत!" मामा म्हणाले. जन्मात पहिल्यांदा हा माणूस पारावर खरा भाव तोंडानं सांगत होता, आणि गाव ऐकायला तयार नव्हतं.

शेवटी ते थकले. "सातशे," म्हणाले.

म्हाताऱ्याचं समाधान झालं. त्यानं खोंडाच्या वशिंडावर थाप मारली. "सातशे? गंडवलं की तुमाला, हवालदार. आमच्या पुतन्यानं असलाच साशेला आणला."

मामांनी खोंडाच्या मानेखाली हात घातला.

"व्हय बाबा," ते म्हणाले. "गंडवलं खरं."